मावशींच्या पानावरचा फोटो

चेहरा दाखवा, नाव सांगा, तुमची गोष्ट सांगा. हे मी आठवड्यातून निदान दहा वेळा बोलते, आणि बोलताना टेबलाखाली माझा पाय हलत असतो. मेलबर्नच्या पश्चिमेला, आमच्या ट्रुगानिनाच्या बाजूला, छोट्या धंदेवाल्यांना ऑनलाइन आणायचा एक कार्यक्रम कौन्सिल चालवतं. त्यात माझी नोकरी. लोकांच्या घरी जायचं, मॅपवर त्यांच्या धंद्याची नोंद करायची, एक साधं वेबपेज बांधून द्यायचं, ऑर्डरचा फॉर्म जोडायचा, फोटो काढायचे. प्रत्येकाला चार भेटी. गवत कापणारा, भुवया कोरणारी, ड्रायव्हिंग शिकवणारा, केक करणारी, सगळ्यांना पहिल्या भेटीत पाठ एकच: लोक वस्तू बघून घेत नाहीत, माणूस बघून घेतात. हा पाठ माझ्या ऑस्ट्रेलियन साहेबिणीचा. ती तो कॉफी पीत निवांत म्हणते. मी घाईघाईत म्हणते, कारण मला सारखी धास्ती असते की समोरचा उलटून विचारेल, आणि बाई, तुमचं पूर्ण नाव काय?

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर फक्त पहिलं नाव आहे. या देशात कोणाला आडनावाशी देणंघेणं नाही, हे इथलं मोठं सुख. विचारतात ते आपलेच. आम्ही बौद्ध. मी अंबरनाथची, नवरा कल्याणचा. त्याचं आडनाव गावावरून पडलेलं, चार जातींत चालणारं. लग्नानंतर मी ते लावलं तेव्हा सासरच्यांना वाटलं, पोरगी किती मायाळू! माया कसली, मला हायसं वाटलं होतं. माहेरचं आडनाव सांगितलं की समोरचा मराठी माणूस हसतच राहतो, पण मध्ये एक सेकंद काहीतरी अडकतं. कॉलेजात, पहिल्या नोकरीत, पुण्यात खोली शोधताना, तो सेकंद मी इतक्यांदा बघितला की पुढे मला तो दुरूनच येताना दिसायला लागला.

इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा गेले तेव्हा एकीने विचारलं, "आडनाव काय गं?" नवऱ्याचं सांगितलं. "अच्छा, म्हणजे साताऱ्याकडचे तुम्ही?" मी म्हटलं, "हो, तिकडचेच." झालं. खोटं बोलले का? माझ्या मते नाही. तिने लावलेला अर्थ मी फक्त दुरुस्त केला नाही. त्यावर नऊ वर्षं गेली. जिने विचारलं होतं ती माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण झाली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दहा दिवस डबा तिने पोचवला. असल्या माणसाला आता काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची? नवरा म्हणतो, "कशाला उकरून काढतेस? आपण काय चोरी केलीय?" तो महिन्यातून एकदा विहारात जातो. मी काम आहे म्हणून टाळते. तिथे कोणी फोटो काढला आणि कुठल्या ग्रुपवर टाकला म्हणजे? लोकांना सांगायचं, दाखवा, दाखवा. आपलं मात्र ठेवायचं झाकून.

तर गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या यादीत एक नवीन नाव आलं. भुसावळच्या बाई, वय अठ्ठावन्न, खापरावरच्या पुरणपोळ्या करतात, वेबपेज हवंय. पत्ता आमच्यापासून गाडीने सहा मिनिटं. त्या दिवशी असा वारा होता की रस्त्यावरचे कचऱ्याचे सगळे बिन आडवे पडले होते. गराजचं शटर अर्धं वर होतं, मी वाकून आत गेले.

गराजचं त्यांनी किचन करून घेतलेलं, कौन्सिलकडून रीतसर पास झालेलं. पांढऱ्या टाइल्स, स्टीलचं टेबल, दोन सिंक, मोठी गॅसची शेगडी आणि तिच्यावर ते काळं खापर, पालथं घातलेलं. आणि समोरच्या भिंतीवर फोटो. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. ज्यांचं नाव आमच्या घरात सांगावं लागत नाही, तो फोटो. बाजूच्या फळीवर पांढरी बुद्धमूर्ती आणि काचेच्या ग्लासात मेणबत्ती.

आनंद झाला म्हणावं तर आनंद नव्हे. आमच्यातला तो दोन शब्दांचा नमस्कार ओठांपर्यंत आला, आणि मी म्हटलं, "हॅलो मावशी, मी कौन्सिलकडून आलेय."

"ये ये. आधी चहा घे, मग तुझं कॉम्प्युटर," त्या म्हणाल्या.

ठेंगण्या, ठसठशीत बाई. मनगटं अशी, की एखाद्या पैलवानाला लाजवतील. नवरा रेल्वेत होता, तो गेला, मग मुलाने इकडे बोलावून घेतलं. आल्यावर पाच वर्षं त्यांनी इथल्याच एका वेअरहाउसमध्ये खोकी भरायचं काम केलं. पाठीने साथ सोडली, डॉक्टरने वजन उचलायला बंदी केली. "मग काय, मुलाच्या हाताकडे बघत बसू? टीव्ही लावून? मला नाही जमत." मुलगा भला, पण गराज त्याच्या गाडीचं. दोघांचं ठरलं होतं: दिवाळीपर्यंत धंदा उभा राहिला तर गराज आईचं, नाही तर टाइल्ससकट गाडीला परत. "म्हणून तुला बोलावलं," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ आहे."

खापराची कथा त्यांनी हसत सांगितली. गावाहून येताना लुगड्यांत गुंडाळून आणलं. विमानतळावर त्या ऑफिसरने विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, तवा. तो म्हणाला, पण हा तर पालथा आहे. "मी म्हटलं, बाबा, आमचा पालथाच असतो. तो म्हणाला, नो वरीज." मी इतकी हसले की चहा सांडला. आणि हसतानाही डोळे भिंतीकडे जाऊ नयेत म्हणून माझी धडपड चाललेली. चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या भेटीला मी कॅमेरा घेऊन गेले. खापरावरची पोळी पाटावर लाटून होत नाही. कणकेच्या दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून जरा लाटायची, मग हातांवर घ्यायची. या हातावरून त्या हातावर, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, ती आपल्याच वजनाने मोठी होत जाते. मावशींच्या दोन्ही हातांवर ती पसरली तेव्हा मागच्या दिव्याचा उजेड तिच्यातून आरपार आला आणि आतलं पुरण सोन्यासारखं दिसलं. मी धडाधड फोटो काढले. त्यातला एक असा उतरला, की माझ्या सगळ्या नोकरीत तसा मला मिळाला नव्हता. मावशींची मान किंचित वर, ओठ दाबलेले, हातांवर पोळी. आणि बरोबर त्यांच्या खांद्यावर, भिंतीवरचा तो फोटो.

घरी आले. पेज बांधायला बसले. बसले कसली, उठत होते, बसत होते, भांडी घासून आले, परत बसले. पेज बांधायच्या टूलमध्ये फोटोभोवती एक चौकट येते. कोपरा धरायचा आणि आत ओढायचा. मी ओढला. भिंत गेली. निळा कोट गेला. मूर्तीची फळी गेली. उरली पोळी, दोन हात आणि अर्धा चेहरा.

कारणं माझ्याकडे तयार होती, पगार त्याचाच घेते मी. बघणाऱ्याचं लक्ष पदार्थावर राहिलं पाहिजे. मागे पसारा नको. फोनवर फोटो लहान दिसतो. मालकाच्या नावाच्या रकान्यात मी त्यांचं पूर्ण नाव लिहिण्याऐवजी 'मावशी' लिहिलं, घरगुती वाटतं म्हणून. सगळं कसं व्यवसायाला धरून! आणि मनात खरं काय होतं? पुढच्या महिन्यात गणपती. खापराच्या पोळ्या मागवणार कोण, तर आपले मराठी लोक. नैवेद्याला मागवणार. भिंत बघितली की कितीजण मागवतील? बाईकडे दिवाळीपर्यंतच वेळ. मी तिचं भलंच केलं, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं. एकदा सांगून पटलं असतं तर चार वेळा कशाला लागलं असतं?

पेज चालू झालं आणि खरंच चाललं. पहिल्याच आठवड्यात ऑर्डरी. मी दर अर्ध्या तासाला फोन उघडून किती लोकांनी पेज बघितलं ते पाहायची. सिग्नलला पाहायची, दुसऱ्या क्लायंटसमोर टेबलाखाली पाहायची. मावशींना आलेल्या मेसेजला त्यांच्याआधी उत्तर माझ्या डोक्यात तयार असायचं. इतका जीव मी कुठल्याच कामात घातला नव्हता, आणि इतकी बेचैनीही कधी झाली नव्हती.

मग ताईचा फोन आला. ती मंडळाच्या कमिटीत. गणपतीच्या महाप्रसादाला दीडशे पोळ्या हव्या होत्या.

"त्या खापरवाल्या मावशींचं पेज तूच केलंयस ना? फोटो काय सुंदर काढलायस गं!"

"हो, मीच."

"मग तू घरी गेली असशील त्यांच्या. म्हणजे… सगळं ठीक आहे ना? नैवेद्याचं आहे, म्हणून आपलं विचारलं."

ठीक म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघींना कळलं होतं.

"एकदम स्वच्छ किचन आहे ताई," मी म्हटलं. "कौन्सिलचं सर्टिफिकेट लावलंय."

"चल, मग काय प्रश्नच नाही," ती म्हणाली आणि त्याच संध्याकाळी फॉर्म भरला. दीडशे पोळ्या. मावशींनी मला फोन करून सांगितलं. "अगं, मुलगा म्हणतोय गाडीला आता बाहेरच शेड घालू." मला वाटलं, सुटले.

तिसरी भेट ठरली गणपतीच्या नऊ दिवस आधी. मी गेले तर मावशींनी चहा विचारला नाही. हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काल मुलाने ते पेज टीव्हीवर लावून दाखवलं. फोनवर मला बारीक दिसत नाही, म्हणून. मोठं बघितलं मी." थांबल्या. "माझी भिंत कुठे गेली?"

मी सुरू झाले. लक्ष पदार्थावर, मागचा पसारा, फोनचा लहान स्क्रीन. माझं तोंड चालत होतं आणि माझेच शब्द मला कानाला लागत होते. 'पसारा' म्हटलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पसारा?" त्या म्हणाल्या.

"तसं नाही मावशी. म्हणजे… ऑर्डरी मराठी लोकांच्या येणार. गणपतीचे दिवस. मला वाटलं, उगाच कशाला."

"हां. हे खरं बोललीस." त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या. "वेअरहाउसमध्ये एक आपल्याकडची बाई होती. रोज माझ्या डब्यातली चटणी घ्यायची. चार महिने. एक दिवस तिने आडनाव विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट बिघडलं, ते मी काम सोडेपर्यंत बिघडलेलंच होतं. मला काय कळत नाही का, भिंत बघून कोण येईल आणि कोण नाही? कळतं. तरी मी पहिल्या दिवशी टाइल्स लावायच्या आधी तो फोटो लावला. का लावला? ज्याला यायचं त्याने बघून यावं. मागाहून कोणाचं पोट बिघडायला नको."

मी लॅपटॉपची बॅग खांद्यावरून काढली, परत अडकवली.

"आणि तू कोणाची आहेस ते मला पहिल्याच दिवशी कळलं," मावशी म्हणाल्या. "आत आलीस, भिंतीकडे बघितलंस आणि तुझे ओठ हलले. आवाज नाही आला, पण ओठ हलले. ते आपल्याच माणसाचे हलतात. मग तू हॅलो म्हणालीस. मी म्हटलं, असू दे, पोरीची काही अडचण असेल. पण तू आपली अडचण माझ्या पेजवर आणलीस."

रडू आलं मला, आणि रागही आला. त्यांचा नाही. पण त्या क्षणी तो बाहेर पडला तो त्यांच्यावरच. "दीडशेची ऑर्डर जाईल मावशी! गराज जाईल! मग फोटो लावा तुम्ही बेडरूममध्ये!"

"जाईल तर जाईल," त्या शांतपणे म्हणाल्या. "लाव फोटो. आख्खा. आणि माझं नाव लिही, आडनावासकट. चेहरा दाखवा, नाव सांगा, असं तूच सांगितलंस ना मला? मी तुझं ऐकतेय."

मी तिथेच, स्टीलच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, चौकट परत बाहेर ओढली. भिंत आली. नाव लिहिलं. मावशी एकेक अक्षर बघत होत्या. मी 'पब्लिश' दाबलं.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी कोणीतरी मंडळाच्या ग्रुपवर पेजची लिंक टाकली: महाप्रसादाच्या पोळ्या इथून येणार. आमच्या ग्रुपवर कोणी सकाळी गुड मॉर्निंग टाकलं तरी वीस अंगठे येतात. या लिंकखाली एकही नाही. मी दर दहा मिनिटांनी बघत होते. दुपारभर बघितलं. मग कोणीतरी ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसची वेळ विचारली आणि सगळे त्यावर तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर रद्द झाली. फोन नाही, काही नाही, फॉर्ममधूनच. तो फॉर्म मी केलेला. रद्द करायचं बटण मीच ठेवलेलं. त्याच्याखाली 'कारण' म्हणून एक रकाना होता, आणि तो भरलाच पाहिजे असं बंधन मी घातलं नव्हतं, लोकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यांनी तो रिकामा सोडला होता.

दुपारी ताईचा फोन. मी शॉपिंग सेंटरच्या कार पार्कमध्ये होते, ट्रॉली हातात.

"अगं, कमिटीत ठरलं, यंदा फ्रोझन पोळ्याच घेऊ या. गरम करायला सोप्या पडतात. तू वाईट नको वाटून घेऊ हां, तुझ्या कामाला काही नाही." मग जरा खालच्या आवाजात, "तुला माहीत होतं का गं?"

"काय?"

"म्हणजे… त्या कोण आहेत ते."

आणि मी म्हणाले, "नाही गं, मला कुठून माहीत असणार? माझं काम पेज करायचं."

सहज निघालं तोंडातून. नऊ वर्षांची सवय होती. फोन ठेवला आणि अंगाची नुसती आग आग झाली. सामान गाडीत टाकलं, घरी गेले नाही. ट्रुगानिनाच्या नव्या रस्त्यांवरून गाडी फिरवत राहिले. अर्धवट बांधलेली घरं, मातीचे ढीग, एकसारखी गराजं. एका राउंडअबाउटला तीनदा फिरले, चौथ्यांदा मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला. स्वतःला इतक्या शिव्या मी जन्मात दिल्या नव्हत्या. जिच्या हातचा चहा प्यायले, जिने मला पहिल्या दिवशी ओळखून पोटात ठेवलं, तिला मी ओळखत नाही म्हणाले.

शेवटी गाडी मावशींच्या दारात उभी राहिली. चौथी भेट खरं तर पुढच्या आठवड्यात होती.

त्या सुपात चण्याची डाळ निवडत बसल्या होत्या. "ये. रद्द झाली, कळलं मला. डाळ अजून भिजवली नव्हती, तेवढं बरं." मग सूप खाली ठेवलं. "वाईट वाटलं पोरी. खोटं कशाला बोलू? लाव म्हणताना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पण सकाळी तो मेसेज मुलाने वाचून दाखवला तेव्हा दीडशेचा हिशेब डोक्यातून जाईना. मुलगा गराजकडे बघून गेला."

"मावशी, मी…"

"थांब. हे बघ." त्यांनी फोन पुढे केला. सकाळीच एक नवीन ऑर्डर आली होती, क्रेगीबर्नहून. सात पोळ्या. पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणूस घ्यायला येणार होता. खाली निरोपाच्या जागेत लिहिलेलं: भिंत बघून बरं वाटलं, आईला घेऊन येतो. "दीडशे गेल्या, सात आल्या," मावशी म्हणाल्या. "सातांवर गराज राहत नाही, मला माहीत आहे. पण हा माणूस बघून येतोय." मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुला काय झालं? तू का अशी भूत बघितल्यासारखी?"

मी सांगितलं. ताईने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, शब्द न् शब्द. सांगताना खाली फरशीकडे बघत होते.

शटरमधून वारा येत होता आणि सुपातली सालं उडत होती.

"लाव फोन," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर. ऑर्डरीसाठी नाही हां, ती गेली, तिचं नाव काढू नकोस. तू मला ओळखत नाही म्हणालीस ना, तेवढं परत घे."

मी शटरपाशी गेले, परत आले, सिंकपाशी गेले. मावशी डाळ निवडत होत्या. त्यांनी घाई केली नाही, आणि सोडलंही नाही. मी फोन लावला. ताईने दुसऱ्या रिंगला उचलला, नेहमीसारखा, "बोल गं."

"ताई, मघाशी मी खोटं बोलले. मला माहीत होतं. त्या कोण ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मीही तीच आहे. आम्ही बौद्ध आहोत, ताई." मग मी माझं माहेरचं आडनाव सांगितलं. या देशात पहिल्यांदा ते मोठ्याने उच्चारलं, आणि तोंडात ते परक्यासारखं लागलं याची मला शरम वाटली.

आला, तो सेकंद आला. मी तो मोजला. चांगला लांब होता.

"अच्छा," ताई म्हणाली. "अगं… मग त्यात काय एवढं? आपण असलं काही मानतो का?"

"माहीत आहे ताई."

"नाही, खरंच. माझं तुझ्यावर प्रेम आहे ते काय आडनाव बघून आहे का?" तिचा आवाज खरा होता. तिचं प्रेमही खरं होतं, दहा दिवसांच्या डब्याइतकं खरं. आणि मग, अगदी साधेपणाने, काही वाईट विचारतोय हे तिच्या ध्यानीमनीही नसताना, ती म्हणाली, "पण मग दर वर्षी माझ्या घरी गौरींना मुखवटे तूच चढवायचीस. हळदीकुंकू तूच लावायचीस त्यांना. ते… तू आधी सांगायला हवं होतंस गं."

मावशींचा हात सुपात थांबला. फोनचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता.

"नऊ वर्षं मीच चढवले, ताई," मी म्हटलं. "तुझ्या गौरी कधी काही बोलल्या नाहीत."

पलीकडून तिच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, म्हणजे तिने फोन ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही. फोन कानाशी धरून तशीच उभी राहिले. ती काय बोलते ते मला ऐकायचं होतं.